एक लांब, दोन आखूड

"तिसरे कुणी यायचे आहेत का?" वेटरने विचारलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "नाही. न्या ती खुर्ची."

झालं ते एवढंच. काळा एप्रन बांधलेल्या त्या अदबशीर माणसाने जराही आवाज न करता खुर्ची उचलली आणि पलीकडे माणसं जास्त नि खुर्च्या कमी असलेल्या एका टेबलाकडे नेली. खुर्चीवर ठेवायला म्हणून पुढे केलेली पर्स सुनेच्या हातात तशीच लोंबत राहिली. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावीच, तसं तिचं झालं. सासूबाई मात्र मेन्यूकार्ड हातभर लांब धरून वाचायच्या खटपटीला लागल्या होत्या, काही घडलंच नाही असा चेहरा करून. संग्रहालयाच्या गच्चीवरचं हे हॉटेल, कडेने कमरेएवढा काचेचा कठडा, कठड्यापलीकडे सगळं शहर पसरलेलं, टेबलांवर एकेक पांढरं फूल, आणि इतक्या जणांच्या हळू बोलण्याचा मिळून झालेला मऊसा गलका. यातल्या कुणालाही कळलं नाही की आत्ता इथून काय उचलून नेलं. तिने पर्स मांडीवर घेतली. मग पायाशी ठेवली. मग पुन्हा मांडीवर घेतली. टेबल तीन जणांचं हवं असं फोनवर तिनेच सांगितलं होतं, नेहमीसारखं.

आज त्याचा वाढदिवस होता. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे सासूबाईंच्या एकुलत्या एक मुलाचा. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तो दात घासता घासता खाली बसला तो उठलाच नाही. बेसिनचा नळ कितीतरी वेळ वाहत होता आणि तो बंद करायचं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही. त्यानंतरचा पहिला वाढदिवस आला तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की आजच्या दिवशी या घरात रडायचं नाही आणि गॅस पेटवायचा नाही. बाहेर जेवायला जायचं, तेही जिथे तो कधी गेला नव्हता अशाच ठिकाणी, म्हणजे त्यालाही काही नवीन बघायला मिळेल. तीन जणांचं टेबल त्यांनीच मागितलं होतं. तिसरे कधी येणार, असं त्या हॉटेलातल्या वेटरने विचारलं, तर पापणीही न हलवता त्या म्हणाल्या, "येतोय. उशीर करतो तो नेहमी." ज्या बाई जन्मात कधी मुख्याध्यापकांशी खोटं बोलल्या नाहीत की तपासणीला आलेल्या साहेबांशी, त्या अनोळखी वेटरांना दरवर्षी बिनदिक्कत थाप मारायला लागल्या. पहिल्यांदा ते ऐकून सुनेला हुंदका आला होता आणि त्याच्यापाठोपाठ हसू, कारण ते खरंच होतं. तो सगळीकडे उशिरा पोचायचा, स्वतःच्या लग्नालासुद्धा. मग त्या खुर्चीवर दोघींच्या पर्सा, छत्री, स्वेटर असा सगळा संसार मांडला जायचा. खुर्ची कुणाची हे दोघी कधी बोलल्या नाहीत. एका हॉटेलात तर शेवटपर्यंत तिसरी ताटली कुणी उचलली नव्हती, आणि निघताना सासूबाईंनी त्या वेटरचे उभं राहून आभार मानले होते. त्या बिचाऱ्याला काय कळणार कशाबद्दल.

आणि आज, न्या ती खुर्ची. का? सुनेचं मन त्या तीन शब्दांभोवती घिरट्या घालायला लागलं. कारण आज ती एक गोष्ट सांगायला आली होती, आणि सांगायची ती त्या खुर्चीच्या भरवशावर. सूप संपलं की सांगायचं, खुर्चीकडे बघत सांगायचं, म्हणजे दोघांना एकदमच सांगितल्यासारखं होईल, त्यालाही आणि त्याच्या आईलाही. मला एक माणूस आवडलाय आणि मी त्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय. आठवडाभर हे वाक्य तिने तोंडात इतकं घोळवलं होतं की त्याचे सगळे कोपरे झिजून गेले होते. सासूबाई रागावतील अशी भीती तिला नव्हती. त्या रागावल्या असत्या तर उलट सोपं झालं असतं, त्यांचा राग वाफेसारखा यायचा आणि वाफेसारखाच जायचा. भीती होती ती त्यांच्या चांगुलपणाची. त्या म्हणतील, छान झालं पोरी, माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आणि संध्याकाळी माळ्यावरची बॅग खाली काढतील. दुसऱ्या गावी त्यांची थोरली बहीण होती, तिच्या घराला बाग होती, एक खोली रिकामी होती, आणि दर रविवारी फोनवर ये की आता कायमची असं आमंत्रण होतं. सासूबाई जातील, कुठेही न रुसता जातील, आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून जातील, हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की तिला त्या न निघालेल्या बॅगेचाच राग यायचा.

तिला तेच घर हवं होतं. सकाळी सासूबाईंच्या कवायतीने जमीन हादरणारं, वर्तमानपत्राची अर्धी पानं हरवलेलं, स्वेटर घेतलास का असं दारातून रोज विचारणारं. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. लग्नानंतर तिने आई हा शब्द पुन्हा उच्चारला तेव्हा सुरुवातीचे काही महिने तो घशात अडकायचा, आणि मग कधी तो सैल झाला तिला कळलंही नाही. नवरा गेला तेव्हा भेटायला येणारी माणसं दोघींचं वेगवेगळं सांत्वन करायची, आईला एक वाक्य, बायकोला दुसरं, जणू दोन वेगळी माणसं गेली होती. माणसं गेल्यावर दोघी त्यांच्या नकला करायच्या. दुःखात इतकं हसतात का, असं तिला तेव्हा वाटायचं. आता ती लग्न केल्यावर सासूबाईंची कोण लागणार होती? सून तरी कशाने? मधला माणूसच नाही म्हटल्यावर दोन टोकांना बांधून ठेवणारं असं काय होतं? कायद्यात नव्हतं, रक्तात नव्हतं. असलंच तर त्या नकलांमध्ये होतं.

तो माणूस जनावरांचा डॉक्टर होता. ती कान तपासायचं काम करत असे. एका लहानशा, आवाज आत न येणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि काचेच्या या बाजूला बसून बारीक बारीक सूर सोडायचे. आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. इतकं सोपं काम, पण त्यातही माणसं कशी वागतात हे तिने बघितलं होतं. बहुतेक जण अंदाजाने दाबतात. आवाज नसतानाही दाबतात, आपण कमी पडू नये म्हणून, नापास होऊ नये म्हणून. कुत्र्यांच्या रोजच्या भुंकण्याने ज्याचे कान बसत चालले होते असा हा डॉक्टर तिच्यासमोर काचेपलीकडे बसला, आणि न आलेल्या आवाजाला त्याने एकदाही बटण दाबलं नाही. उंच, टोकदार सूर सुरू झाले तसा त्याचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला राहिला. तो शांतपणे वाट बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, बरंच काही निसटलं ना? ती म्हणाली, हो, पाखरं, दारावरची घंटा, असलं काही. तो म्हणाला, पाखरं गेली याचं वाईट वाटतं, घंटेचं नाही. त्या दिवशी घरी जाताना ती बसमध्ये स्वतःशीच हसत होती आणि शेजारची बाई सरकून बसली होती. त्यालाही बरेच महिने झाले होते. आज त्याने बरोबर यायचा हट्ट धरला नव्हता. तो म्हणाला होता, मी खाली संग्रहालयात असतो, मडकी बघत फिरेन, मला मडकी आवडतात. बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर मडकी बघून घरी जाईन.

सूप आलं. परातीएवढ्या खोलगट ताटलीच्या मधोमध वाटीभर सूप, आणि त्यावर हिरव्या पानाचा एकच ठिपका. सासूबाईंनी ताटलीकडे असं बघितलं की जणू वर्गातलं सगळ्यात बारकं पोर मैदानाच्या मध्यभागी उभं केलंय. मग चमच्याने चव घेऊन कबूल केलं की चांगलं आहे, जेवढं आहे तेवढं. आजूबाजूची माणसं शहराकडे बघत होती. उंच इमारती, त्यांच्या डोक्यावरच्या पाण्याच्या टाक्या, अर्ध्यावर थबकलेली एक क्रेन, लांबवर पुलावरून सरकणाऱ्या गाड्या. लोक त्या सगळ्याचे फोटो काढत होते आणि फोटोत पाठीमागे ते सगळं यावं म्हणून मान तिरकी करत होते. सासूबाईंनी मात्र खुर्ची कठड्याला चिकटवली होती आणि त्या सरळ खाली बघत होत्या, संग्रहालयाच्या फरसबंदी अंगणात. जन्मभर शाळेत कवायत आणि खेळ शिकवलेल्या बाईला लांबचा देखावा काय करायचाय? त्यांनी आयुष्यभर वरच्या गॅलरीतून मैदानाकडे बघितलं होतं, डोळ्यात तेल घालून, कोण कुणाला ढकलतोय, कोण भिंतीवर चढतोय. शाळेत पोरं त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

शिट्टी पितळी होती, तोंडाशी धरायच्या जागी झिजून फिकी पडलेली, आणि तिची दोरी कधीकाळी लाल होती असं मानायला जागा होती. ती शाळेपुरती राहिली नाही, घरातही आली. मुलगा लहान असताना खाली रस्त्यावर खेळायचा, आणि चौथ्या मजल्यावरून हाका मारून घसा कोण फोडणार? म्हणून खूण ठरली. एक लांब, दोन आखूड, म्हणजे जेवायला ये. त्या शिट्टीला सगळी गल्ली ओळखायची. शेजारणी म्हणायच्या, चला, शिट्टीबाईंकडे पानं घेतली, आपणही घेऊ. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, मिशा ठेवल्या आणि काढल्या, तरी शिट्टी तीच. लग्न होऊन ती नवीन नवीन घरात आली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ती खालच्या दुकानात चपला बघत उभी होती आणि वरून शिट्टी झाली. तिने लक्ष दिलं नाही, ती आपल्याला कशी असेल? पुन्हा झाली. तेव्हा चपलावाला म्हणाला, अहो वहिनी, तुम्हालाच आहे ती. वर मान करून बघितलं तर गॅलरीत सासू उभी, गालांत हवा भरलेली, तिसऱ्यांदा वाजवायच्या तयारीत. एका पायात जुनी चप्पल नि एका पायात नवी घालून ती तशीच चार जिने चढून गेली होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण या घरातल्या झालो. वरात, फोटो, पाहुणे, कशाकशाने वाटलं नव्हतं ते त्या शिट्टीने वाटलं. तो गेल्यापासून शिट्टी वाजली नव्हती. पण सासूबाईंच्या पर्समध्ये ती अजून असायची, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, हे तिला माहीत होतं.

"त्या माणसाची काहीतरी गडबड आहे," सासूबाई खाली बघत म्हणाल्या.

कुठल्या माणसाची, असं तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिच्या तोंडचं पाणी पळालं, कारण बघायच्या आधीच तिला कळलं होतं. खाली कारंज्याजवळच्या बाकावर, कडेला, तपकिरी टोपी घालून तो बसला होता. संग्रहालयात डबा खाऊ देत नाहीत हे त्याच्या लक्षातच आलं नसणार. मांडीवर डबा, शेजारी पाण्याची बाटली, आणि दोन घासांमध्ये तो मान वर करून गच्चीकडे बघत होता. सासूबाईंच्या मते आधी तो पाकीटमार होता, सावज हेरत बसलेला. मग त्यांनीच ते खोडून काढलं, पाकीटमार कधी घरून डबा घेऊन निघत नाही. मग त्याचं हॉटेलातल्या कुणाशी भांडण असावं असं ठरलं. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ निरखून बघितलं. त्याने अर्धा डबा खाल्ला होता, झाकण लावलं होतं, आणि उरलेला डबा सावलीत सरकवून ठेवला होता. सासूबाईंचा आवाज एकदम मऊ पडला. कुणासाठी तरी ठेवलाय, त्या म्हणाल्या, बिचारा कुणाची तरी वाट बघतोय. नीटनेटका दिसतो. बटणं सगळी लावलीत. आणि जी कोणी मुलगी आहे ती अगदीच निर्दय असली पाहिजे, एवढ्या उन्हात माणसाला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? माझ्या वर्गात असती तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

सुनेने मान खाली घातली आणि नुसत्या ताटलीत चमचा फिरवला. सूप संपलं होतं. आता सांगायचं होतं. तोंड उघडलं तर वाक्य तिथे नव्हतंच. जिथे बघत ते बोलायचं होतं तिथे आता नुसती फरशी होती, आणि फरशीवर खुर्चीच्या पायांच्या पुसट खुणा. तिला वाटलं, त्यांनी खुर्ची का परत केली हे कळल्याशिवाय आपल्याला काही बोलताच येणार नाही. त्या त्याला विसरायला लागल्यात का? आपण बदललो म्हणून त्याही बदलल्या, का त्या बदलल्या म्हणून आपल्याला हे सुचलं? की घरातून निघायची तयारी त्यांनी आधीच सुरू केली होती, एकेक वस्तू कमी करत, आधी खुर्ची, मग बॅग? मासा आला, लिंबाच्या तीन चकत्यांवर आडवा झालेला, आणि त्याच्यासोबत भाजलेल्या भोपळ्याच्या फोडी, त्याही मोजूनमापून. सासूबाईंनी सवयीने माशाचा मधला, काटे नसलेला भाग कापून तिच्या ताटलीत सरकवला. इतकी वर्षं त्या हे करत होत्या आणि इतकी वर्षं ती नको म्हणत होती. आज ती नको म्हणाली नाही. तो मधला तुकडा तिने न चावता तसाच गिळला.

मग खाली अंगणात एक बाई कुत्र्याला घेऊन आली. मोठं, केसाळ, म्हातारं कुत्रं, एक पाय टेकवत नव्हतं. बाई फोनवर बोलत चालली होती आणि ते मागून तीन पायांवर फरफटत होतं. बाकावरचा माणूस उठला. बाईशी काहीतरी बोलला, कुत्र्यासमोर सरळ फरशीवर मांडी घालून बसला, आधी हात हुंगायला दिला, मग तो पंजा आपल्या मांडीवर घेऊन बोटं फाकवून बघायला लागला. सासूबाईंना हे नाटक फारच आवडलं. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"अगं बघ तरी, काटा काढतोय वाटतं. आणि ते कुत्रंसुद्धा कसं बघ, हूं नाही की चूं नाही. हा नक्की कुत्र्यांचा..."

आणि त्या थांबल्या. आवाज न येणाऱ्या त्या खोलीत बसलेल्या माणसाला सूर ऐकू येतो तेव्हा तो आधी डोळ्यांत दिसतो, बटण मागून दाबलं जातं. तो मधला क्षण सुनेच्या रोजच्या कामातला होता. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तो तिला दिसला आणि आता काही लपवण्यात अर्थ नाही हेही त्याबरोबर कळलं. त्या सावकाश खाली बसल्या. मांडीवरचा नॅपकिन त्यांनी उगाचच घडी करून पुन्हा उलगडला.

"आपल्याकडे कुत्रा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि तुझ्या त्या काळ्या स्वेटरवर कित्येक महिने केस. कधी पांढरे, कधी तांबूस, कधी कुरळे. धुवायला टाकायच्या आधी मीच काढत होते. म्हटलं, ही एवढी कुत्री पोसते तरी कुठे?" मग बोटाने खाली दाखवत, "हाच का?"

"हो."

"म्हणजे ती निर्दय मुलगी तूच."

"मीच," सून म्हणाली, आणि तिला वाटलं होतं तसं रडू न येता चक्क हसू आलं. तुम्हाला माहीत होतं तर विचारलं का नाही, असं तिने विचारलं. सासूबाईंनी सांगितलं की पोर काही चोरून करत असेल तर शिट्टी वाजवायची असते, पण खरं सांगायची तयारी करत असेल तर थांबायचं असतं. एवढं तरी त्या जन्मभरात शिकल्या होत्या. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि नजर लांब, पहिल्यांदाच, शहराकडे नेली. तो चांगला वाटतो असं म्हणाल्या. पंजा आधी हातात न घेता हात हुंगायला दिला हे त्यांनी बघितलं होतं. आणि मग, अगदी सहज, भोपळ्याची फोड काट्याने अर्धी करता करता, त्यांनी ते काढलंच. बरं झालं, ताईही कधीची बोलावतेय, तिची ती बागेकडची खोली...

"नाही," सून म्हणाली.

इतक्या जोरात त्या गच्चीवर कुणीही बोललं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. गुळगुळीत झालेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं, आणि जे तोंडातून येत होतं ते तिने एकदाही घोळवलेलं नव्हतं.

"तुम्ही कुठेही जायचं नाही. मला तो हवाय आणि तुम्हीही हव्यात, आई. एकाच्या बदल्यात दुसरं नकोय मला. तुम्ही बॅग काढलीत तर मी ती माळ्यावर ठेवीन, पुन्हा काढलीत तर पुन्हा ठेवीन. तुम्ही गेलात तर मी घरी येऊन कुणाची नक्कल करून दाखवू?"

सासूबाई फरशीकडे बघत होत्या, जिथे खुर्ची होती तिथे. सुनेने ते बघितलं आणि मग तिने तेही विचारलं, आता सगळं विचारायचंच होतं म्हणून. खुर्ची का परत केलीत?

"दरवर्षी मी म्हणते येतोय, येतोय," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आज त्या माणसाने विचारलं आणि मला वाटलं, किती वर्षं धावायला लावायचं त्याला? नेहमी उशीर, नेहमी धावपळ. म्हटलं, आज राहू दे बाळा. बस तिथेच निवांत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाढदिवसाला रडायचं नाही हा नियम त्यांचाच होता, म्हणून त्यांनी ते नॅपकिनने टिपलं आणि नॅपकिनलाच दोष दिला की फार खरबरीत आहे. सुनेने टेबलावरून हात पुढे केला. त्यांनी तो धरला, दाबला आणि मग एकदम सोडून दिला. "पण याला का बसवून ठेवलंयस खाली? डबा अर्धा ठेवलाय त्याने तुझ्यासाठी. माणसाने उपाशी बसावं आणि आपण इथे मासा खावा, ही काय रीत झाली?"

आणि त्यांनी पर्स उघडली. किल्ल्यांचा आवाज झाला. सुनेला काय होतंय ते समजलं तेव्हा उशीर झाला होता. सासूबाई कठड्याशी उभ्या होत्या, पाय जरा फाकवून, पाठ ताठ, गालांत हवा भरून. एक लांब. दोन आखूड. गच्चीवरचा सगळा मऊ गलका कापडासारखा टरकन फाटला. कुणाचा तरी काटा ताटलीवर पडला. खाली अंगणात माणसं जागच्या जागी थांबली, फोनवरच्या बाईने वर बघितलं, कारंज्याच्या कठड्यावर बसलेली जोडी वर बघायला लागली, त्या म्हाताऱ्या कुत्र्यानेही कान टवकारले. आणि सुनेचे पाय, तिला न विचारता, खुर्चीतून उठले होते. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून तिचे पाय चार जिने चढायला निघाले होते आणि ती होती तिथेच, वर.

फक्त तो एकटा खाली मान घालून पंजा बघत बसला होता.

"बहिरा आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"उंच आवाज कमी ऐकू येतात त्याला. शिट्टी तर नाहीच."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. खाली बघितलं, शिट्टीकडे बघितलं.

"मग आपल्या घरात टिकेल," त्या म्हणाल्या.

आपल्या घरात. सुनेने ते दोन शब्द ऐकले, नीट ऐकले, आणि तिला वाटलं की तिच्या हातात बटण असतं तर तिने ते आत्ता जिवाच्या आकांताने दाबलं असतं. मग ती कठड्याशी गेली आणि सगळ्या हॉटेलासमोर दोन्ही हात उंच करून हलवायला लागली. लाजबीज सगळी खुंटीला टांगून ती हात हलवत राहिली, ओढणी घसरली तरी. कुत्रेवाल्या बाईने त्याच्या खांद्याला बोट लावून वर दाखवलं. त्याने मान वर केली, टोपी मागे सारली. तो आधी तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्या शेजारी शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे. सासूबाईंनी त्याला हाताने खूण केली, पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली, जेवायला ये. जी खूण बहिऱ्यालाही कळते ती. तो घाईघाईने उठला, डबा विसरून दाराकडे निघाला, मध्येच थांबला, परत आला, डबा उचलला, कुत्र्याला थोपटलं आणि धावत सुटला. हाही उशीरच करणार असं दिसतंय, सासूबाई पुटपुटल्या, पण त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

तोवर काळा एप्रनवाला वेटर लगबगीने टेबलाशी येऊन पोचला होता. इथे असा आवाज केलेला इतर पाहुण्यांना... असं तो अत्यंत अदबीने बोलायला लागला. सासूबाईंनी शिट्टी पर्समध्ये टाकली आणि त्याला मध्येच थांबवलं.

"बरं झालं आलात. ती मघाची खुर्ची परत आणा."

त्याने वळून बघितलं. पलीकडच्या टेबलावर त्या खुर्चीवर आता एक गृहस्थ ऐसपैस बसून काहीतरी खात होते. ती आता देता येणार नाही असं तो दिलगिरीने म्हणाला, हवी तर आतून दुसरी आणून देतो. सासूबाई त्या गृहस्थांकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या ताटलीतला उरलेला मासा कापला, त्यातला मधला, काटे नसलेला भाग वेगळा काढून कडेला ठेवला.

"दुसरी चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त डुगडुगणारी नको."